चित्राच्या कडेला उभी असलेली रुपा

मी एक चिप बोलतेय. करंगळीच्या नखावर मावेन एवढीच. काळी, चौकोनी, चारी बाजूंना दहा-दहा पाय. मला व्हिडिओ डिकोडर म्हणतात.

मला डोळे नाहीत. जुन्या कॅमेऱ्यातून किंवा कॅसेटमधून जे येतं ते चित्र नसतंच मुळी, ती तारेतून धावणारी एक लाट असते. उजेड आला की लाट चढते, काळोख आला की उतरते. ती रेघेरेघेनं मोजायची, तिचे आकडे करायचे आणि कॉम्प्युटरच्या हवाली करायचे, एवढंच माझं काम. एका सेकंदाला पंचवीस चित्रं, एका चित्राला सहाशे पंचवीस रेघा. कॅसेटमधल्या माणसांचा आवाज माझ्याकडे येत नाही, तो वेगळ्या तारेनं जातो. माझ्यापुढं ती नुसती तोंडं हलवतात. दुकानातल्या माणसांचं बोलणं मात्र मला ऐकू येतं. कसं, ते विचारू नका.

आणखी एक सांगते, मग पुढं जाऊ. मी ज्यांना पाहते त्यांतली निम्मीअधिक माणसं आता हयात नसतात. त्यांना ते माहीत नसतं. ती हसत असतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. हजारो बहिणींबरोबर एका पट्टीत गुंडाळून मला अंधारात ठेवलं होतं. तिथून कुरिअरनं मी शहाद्याला आले, प्रतिभाच्या टेबलावर.

प्रतिभा तापीकाठच्या गुजर घरातली. धुळ्याला इंजिनिअर झाली, सहा वर्षं पुण्यात सर्किटं आखली आणि एक दिवस नोकरी सोडून परत आली. बसस्टँडजवळ भटू मिस्तरींचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही दुरुस्तीला येणं बंद झालं तेव्हा त्यांनी अर्धं दुकान तिला दिलं. गावोगावच्या ट्रंकांमध्ये लग्नाच्या कॅसेटी सडताहेत, त्या कॉम्प्युटरवर उतरवून द्यायच्या, असं तिनं ठरवलं. त्यासाठी बोर्ड तिनं स्वतःच आखला आणि त्याच्या मधोमध मला बसवलं. गरम हवेच्या झोतानं माझे चाळीसच्या चाळीस पाय तांब्याला चिकटले. माझ्या शेजारी तिनं एक क्रिस्टल लावला. तो माझी नाडी, त्याच्या ठोक्यावर मी मोजते.

पहिल्यांदा बोर्ड फसला. चित्र इतकं पांढरं आलं की माणसांची तोंडं दिसेनात. दोन दिवस ती डोकं धरून बसली. मग तिच्या लक्षात आलं की लाट जिथं माझ्यात शिरते तिथला पंचाहत्तर ओहमचा रेझिस्टर लावायचाच राहिलाय. तो लावला आणि एकदम माणसं दिसायला लागली.

"कडा कापू नको," भटू मिस्तरी म्हणाले होते. "टीव्ही चारीमेर बोट-दीड बोट चित्र खाई जाये. ते लोकेसनी कधी देखंच नही."

प्रतिभानं कडा ठेवल्या. पुढचं सगळं त्यामुळं घडलं.

फेब्रुवारीतली दुपार होती. एक म्हातारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. कंबर वाकलेली, नऊवारीचा पदर डोक्यावर. तिच्या हातात उपरण्यात गुंडाळलेली कॅसेट होती. जमनाबाई तिचं नाव, नऊ-दहा किलोमीटरवरच्या तापीकाठच्या गावातली.

"बाई, आठे मन्ही आंडेर शे, मन्ही पोर," ती कॅसेटवर हात ठेवून म्हणाली. "तिना एक फोटू काढी दे."

"घरमा दुसरा फोटू नही का, आजी?"

"व्हता. तिना बापनी नदीमा सोडी दिना. म्हने, देखशी तं रडशी."

मग तिनं सांगितलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात, तिच्या मुलाची, भिलाची हळद होती. रुपा त्याची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची, हळदीची करवली. दुपारच्या पंगती उठल्या आणि रुपा कुठं दिसेना. संध्याकाळी तिच्या चपला तापीच्या घाटावर सापडल्या. देह सापडला नाही. दुसऱ्या दिवशी भिलाचं लग्न चार माणसांत उरकलं आणि दहाव्या दिवशी रुपाचा दहावा झाला.

"कावळा शिवना नही," जमनाबाई म्हणाल्या. "उन्हं उतरेतोपर्यंत बसनूत. शेवट दर्भना कावळा करा. तिनी कोनती इच्छा ऱ्हायी गयी, मी अजून इचार करस."

सुरुवातीला शेजारच्या घरी व्हीसीआर आणून त्यांनी ती कॅसेट पाच-सात वेळा पाहिली होती. रुपाचा बाप, धुडकूआप्पा, दर वेळी टीव्हीला खेटून बसायचे, हात मशीनवर. पंगत सुरू झाली की थोड्याच वेळात ते बटण दाबायचे. "पुढं कोरी शे," म्हणायचे. नंतर त्यांनी ती कॅसेट लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावलं. गेल्या कार्तिकात आप्पा वारले, तेव्हा पेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी प्रतिभानं कॅसेट लावली. भटू मिस्तरी जेवायला गेले होते. बाहेर ऊन, आत पंखा. मला लाट मिळाली आणि माझ्यात ती हळद उतरायला लागली. पिवळाधमक भिला पाटावर बसला होता, बायका तोंड उघडून गात होत्या. पिवळ्या साडीतली, हातात ताट घेतलेली एक उंच मुलगी कॅमेऱ्याकडे बघून लाजली आणि बाजूला झाली. प्रतिभानं ते चित्र थांबवलं, फोटो काढला, छापला. काम झालं होतं. कॅसेट तिनं सहज चालू ठेवली.

पंगत आली. लांबच लांब दोन ओळी, पत्रावळी, वाढपी. आणि डावीकडे, चित्राच्या अगदी कडेला, मांडवाच्या शेवटच्या खांबामागं, तीच मुलगी उभी होती.

ती लांब होती म्हणून लहान दिसत होती. दीड बोट रुंदीच्या पट्टीत मावेल एवढी. ती पंगतीकडे बघत नव्हती. सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. सेकंदाला पंचवीस वेळा मी तिला मोजलं आणि पंचवीसही वेळा तिची मान तशीच होती.

प्रतिभानं हात मागं घेतला.

भटू मिस्तरी आल्यावर ती म्हणाली, "काका, चित्रमा भूत शे."

मिस्तरी हसले. टीव्हीच्या धंद्यात भूत म्हणजे केबल खराब असली की माणसाशेजारी पडते ती त्याचीच फिकी सावली. ते वाकून बघायला लागले आणि हसणं थांबलं.

"भूतनी जोडी ऱ्हास, बेटा. मूळ मानूस शेजारी लागस. हाई एकलीच शे."

कोपऱ्यात त्यांचा जुना टीव्ही होता. त्यांनी व्हीसीआरची दुसरी तार त्याला जोडली, कॅसेट मागं नेली आणि दोन्हीकडे एकदम चालू केली. टीव्हीवर पंगत होती, कडेला कोणी नव्हतं. कॉम्प्युटरवर तीच पंगत होती, कडेला रुपा उभी होती. तीन वेळा त्यांनी करून पाहिलं. तिसऱ्या वेळी मिस्तरींनी टीव्हीच्या चौकटीवर, तिथं ती असायला हवी होती त्या जागी, बोट ठेवलं आणि पटकन काढून घेतलं.

पुढं टेपवर सुरकुत्या होत्या. लाट तुटायला लागली तशी प्रतिभानं कॅसेट थांबवली आणि जमनाबाईंना निरोप धाडला.

त्या भिलाला घेऊन आल्या. भिला आता पन्नाशीचा, जाडजूड, अबोल. प्रतिभानं त्यांना आधी काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "आजी, डावी बाजू देखा." आणि एकेक चित्र पुढं सरकवायला लागली.

रुपा उभी आहे. तिच्यामागं जीपचं नाक दिसतंय, काचेवर रंगानं लिहिलंय, "अक्कलकुवा". खांबाआडून एक माणूस येतो, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. तो कॅमेऱ्याकडे पाठ करून रुपाच्या पायांशी बसतो. बराच वेळ बसून असतो. मग उठतो. त्याच्या हातात लाल पट्ट्यांच्या चपला आहेत. तो त्या उपरण्यात गुंडाळतो आणि काखेत धरतो. रुपा अनवाणी जीपकडे जाते. तो वळतो आणि त्याचं तोंड दिसतं.



"भिलाना बाप," जमनाबाई म्हणाल्या.

"बंद कर ते!" भिला ओरडला. "आप्पा असं करतीन का?"

"गप ऱ्हाय." म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती पडद्याजवळ सरकली, इतकी की तिचा श्वास काचेवर उमटला. "ह्याच चपला. घाटवर ह्याच सापडन्यात. संध्याकायले. आनि हाई तं दुपारनी पंगत शे." मग ती स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "जित्ता मानूसना पिंडले कावळा कसा शिवी?"

जीपवरचं नाव भिलानं वाचलं होतं. त्याला एक माणूस आठवला. करमसिंग मास्तर, अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला. गावच्या शाळेत दोन वर्षं होता. त्या मेच्या सुट्टीत गेला तो परत आलाच नाही. त्या वेळी ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, गाव नदीत गळ टाकत बसलं होतं.

भिला दुसऱ्याच दिवशी अक्कलकुव्याला गेला. मास्तर माणूस शोधायला अवघड नसतो, बदल्यांचे कागद असतात. तिसऱ्या दिवशी एका डोंगरगावात, कौलारू घरासमोर, त्याला तूर पाखडत बसलेली बाई दिसली. तिनं मान वर केली. सूप तिच्या हातातून खाली पडलं.

हे सगळं त्यानं पुढं दुकानात सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. रुपा सत्तेचाळीस वर्षांची आहे. करमसिंग मास्तर चार वर्षांपूर्वी वारले. दोन मुली आहेत, एक नर्स आहे. सगळं सांगून तो म्हणाला, "पन ती येत नही. म्हने, मायनी माले मारं. मी कोनतं तोंड लई येऊ?"

जमनाबाईंना काही कळेना. "मी मारं?"

शेवटी रुपा गावात नाही, पण शहाद्यापर्यंत यायला तयार झाली. कॅसेट बघायला. तिला खात्री करून घ्यायची होती, कसली ते तिनं सांगितलं नाही.

आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. उंच, केस पांढरट, पायात साध्या चपला. जमनाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. रुपा दारातच थांबली. आईच्या पाया पडायला वाकावं की वाकू नये, अशा घोळात ती उभी राहिली. मग लांबच्या स्टुलावर बसली.

"आप्पानी तव्हय सांगं," ती पडद्याकडे बघत म्हणाली, आईकडे नाही. "म्हने, तुन्ही मायले सगळं माहीत शे. तिनीच सांगं, पोर मरी गयी असं गावले सांगा. आठे तोंड दखाडू नको."

जमनाबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. रुपा पुढं सांगत राहिली.

"दरसाल आखाजीले येत आप्पा. अक्कलकुवाना बजारमा भेटेत. पोरीसले खाऊ देत. मी इचारू, मायना राग गया का? तं म्हनेत, अजून नही."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. गेलेल्यांच्या नावानं त्याच दिवशी घागरही भरतात. अठ्ठावीस आखाज्या जमनाबाईंनी रुपाच्या नावाची घागर भरली होती. आणि त्यांचा नवरा सकाळी लवकर उठून, धुतलेलं धोतर नेसून, बैल बघायला म्हणून बाजाराला जात होता. डोंगरातला जावई गावाला दाखवायची त्याची छाती झाली नव्हती. पोरीचा गळा धरायचीही झाली नव्हती. मग त्यानं मधला रस्ता काढला आणि त्या रस्त्यावर दोन बायकांना जन्मभर उभं केलं.

"नही वं माय," जमनाबाई म्हणाल्या. "माले काहीच माहीत नव्हतं."

रुपाला ते खरं वाटलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मनात घट्ट झालेली गोष्ट एका वाक्यानं सुटत नाही.

प्रतिभानं भटू मिस्तरींकडे पाहिलं. "काका, पुढली टेप चालवू का?"

"एकच डाव चाली," मिस्तरी म्हणाले. "तिन्हा काळा लेप गळी ऱ्हायना. मंग संपनं."

मी तुम्हाला खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. माझ्यासारखीला घाबरता येतं की नाही ते मला माहीत नाही, पण क्रिस्टलचे ठोके मला वेगळे लागले. सुरकुतलेल्या टेपची लाट सरळ येत नाही. रेघ कुठं सुरू झाली ते कळत नाही. हात सुटला की माझ्याकडून नुसता निळा पडदा जातो आणि त्या वेळात जे गेलं ते गेलंच.

टेप चालू झाली. पंगत गेली. खांब रिकामा. मग निळं. मग एकदम जमीन, वाकडी, पळणारी. शूटिंगवाला कॅमेरा बंद करायचं विसरून लोकांबरोबर धावत सुटला असावा. पाय, धूळ, पुन्हा निळं. मी रेघ शोधत होते. वरची सापडली की खालची सुटायची. मी मिळेल ती रेघ धरली आणि तिच्या आधारानं पुढची.

घाट आला. पायऱ्या, माणसं, तापीचं पसरलेलं पाणी. आणि पाण्यात कंबरेपर्यंत एक बाई. पदर वाहून गेलेला, केस सुटलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे. ती आणखी आत जाऊ बघत होती आणि दोन बायका तिला मागं ओढत होत्या. त्यांच्या हातून सुटून ती बुडी मारायची आणि पाण्याखाली हातांनी चाचपायची. पुन्हा वर यायची. तोंड उघडायची. आवाज कोणालाच ऐकू आला नाही, त्या जागी नुसती खरखर होती. पण ओठ दोन अक्षरांसाठी हलत होते आणि ती दोन अक्षरं दुकानातल्या प्रत्येकानं वाचली.

एकदा ती कॅमेऱ्याकडे वळली. तेवढ्यात लाट फाटली. मी चित्र सोडलं नाही. आकडे चुकले असतील, रंग उडाला असेल, पण तो चेहरा मी धरला. पंचेचाळीस चित्रं. दोन सेकंदांना थोडी कमी.

मागं पायरीवर धुडकूआप्पा उभे होते. सगळं गाव नदीकडे बघत होतं. ते जमनाबाईंकडे बघत होते.

मग टेप तुटली.

रुपा स्टुलावरून उठली. भिंतीला धरून ती आईपर्यंत आली आणि खाली बसली, आईच्या गुडघ्यांवर डोकं टेकून. जमनाबाईंचे हात हवेत होते. त्यांना ते कुठं ठेवावेत ते समजत नव्हतं. मग त्यांनी ते लेकीच्या पांढऱ्या केसांवर ठेवले आणि केस चाचपून पाहिले, पाठ चाचपली, खांदे, कान. जित्याजागत्या माणसाला चाचपावं तसं नाही. पाण्याखाली काही लागतंय का बघावं तसं.

"कॅमेरा मन्हाकडे वळना व्हता," रुपा तशीच म्हणाली. "माले वाटनं, भाऊ देखी. आज ना उद्या देखी आनि ई."

भिला दाराकडे तोंड करून उभा होता. "मी देखतू तं येतू," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला.

जायच्या आधी त्यानं प्रतिभाला बाजूला घेऊन विचारलं, कॉम्प्युटरमधल्या चित्राची डावी कड कापता येईल का. मुलं-नातवंडं बघतील, आप्पांचं नाव आहे गावात.

जमनाबाईंनी ऐकलं. "कापू नको," त्या म्हणाल्या. "त्यासनी झाकं. टीव्हीनी झाकं. आते बस."

भिलानं मान खाली घातली. तिघं एकाच रिक्षात बसून गेली. ती त्या दिवशी गावी गेली की बसस्टँडवरच बसून राहिली, मला माहीत नाही. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मात्र प्रतिभाच्या टेबलावर पुरणपोळ्यांचा डबा आला. तो रुपानं आणून दिला होता आणि ती माहेराहून आली होती.

मी अजून त्याच बोर्डवर आहे. आमची जात बनवणं कंपनीनं थांबवलंय, असं प्रतिभा परवा मिस्तरींना सांगत होती. व्हीसीआरचं टेप वाचणारं डोकंही घासत आलंय. मी गेले की माझ्या जागी बसवायला बहीण मिळणार नाही आणि तोवर निम्म्या टेपा पांढऱ्या बुरशीनं गेलेल्या असतील. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. तुमच्या ट्रंकेत, माळ्यावर, कपाटाच्या तळाशी एखादी कॅसेट असेल तर वाट बघू नका, घेऊन या. आत कोण उभं आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नाही.

फक्त येताना घरातलं कोणीतरी सोबत आणा. एकट्यानं बघू नका.